ठकूची पट्टी

आमच्या देवराईभोवती ही तांबडी पट्टी दिसते ना, तिच्यावर गवताची काडी नाही. शहरातली माणसं तिला पायवाट समजतात, हौसेने चालत सुटतात आणि फिरून इथेच येतात. हसू येतं, पण आम्ही सांगत नाही. ही ठकूची पट्टी.

ठकू ही आमच्या गवळीवाड्याची नवी सून होती, असं सांगतात. फाल्गुनात वाडा देवाचं जेवण करायला डोंगरावर यायचा. त्या वर्षी चूल ठकूकडे होती. काड्यापेटीचा तो काळ नव्हे. निखारे राखेखाली झाकून जपायचे आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवायची, यातच सुनेची हुशारी. ठकूने डोंगरावरही तेच केलं. सासू कोंडाईने चारचौघींत कौतुक केलं. घरची रीत उघड्या माळावर घात करते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

जेवणं उरकून माणसं राईकडे निघाली, तोच वारा सुटला. राख उडाली आणि निखारे वाळल्या गवतात गेले. वणवा निघाला तो थेट राईकडे, आणि राईच्या सावलीत वाड्याची सगळी रेडकं बांधलेली. पुरुष हंडे घेऊन खालच्या झऱ्याकडे धावले. कोंडाईने कपाळ बडवलं, "काय केलंस गं बाये!"

ठकू रडत बसली नाही. "पानी येईस्तवर काय उरंल? गवत काढा! आगीला खायालाच ठिवू नगा!" असं ओरडून ती विळा घेऊन राईपुढे वाकली. तिच्या शेजारी सासू वाकली, मग उरलेला अख्खा वाडा. गवत कापलं, मुळं खरवडली, तांबडी माती उघडी पडली. आग आली ती पुरुषभर उंच, म्हणे. मातीपाशी अडली, इकडेतिकडे चाटून पाहिलं आणि उपाशी मेली. एकाही रेडकाचा केस जळला नाही. काय तो आनंद! ढोल असे घुमले की पलीकडच्या खोऱ्यात लग्नच वाटलं.

पुरुष पाणी घेऊन आले ते आता. ठकूने ते चुलीत ओतलं, राख ढवळली आणि सगळ्यांदेखत तळहात आत टेकवला. "गार!" ती म्हणाली. "ह्ये म्हटल्याबिगर हितनं कुनी उतरायचं न्हाई."

आजही दिवाळी सरली की ढोल वाजवत आम्ही ही पट्टी खरवडतो. समोरचे डोंगर दरसाल काळे होतात. आमची राई पिढ्यान्‌पिढ्या हिरवी उभी आहे, आणि याचा आम्हाला भारी अभिमान आहे.

झाला ना चहा तुमचा? ओता पाणी चुलीत. हं, आता टेकवा हात, आणि म्हणा मोठ्याने.