चुलीने तोंड मिटलं

एक होता राजा. सगळं होतं त्याच्याकडे, धीर तेवढा नव्हता. अगदी तुमच्या बाबासारखा, गॅस मोठा करून रोज चहा उतू घालवणारा! हसू नका, ऐका.

त्याची एकुलती एक लेक, चंद्रावळ. तापातून उठली, पण आठ दिवस झाले तरी तोंडात घास घेईना. मग वैद्यबुवांनी तीन मुठी जुने तांदूळ दिले. म्हणाले, "याची मऊ पेज पोटात गेली, तरच पोर वाचेल. एवढेच उरलेत, जपा."

मग स्वयंपाकीण सगुणाआक्काने पहिली मूठ शिजत घातली. जाळ बारीक ठेवला. तर हा राजा स्वयंपाकघरात हजर! "झाली का पेज? अजून जाळ घाल, अजून!" आणि स्वतःच लाकडं कोंबली. पेज उतू गेली, सगळी चुलीत. मग दुसरी मूठ. पुन्हा तेच, "अजून, अजून!" पेज करपून कोळसा झाली. खोली अशी तापली की आक्का घामाने निथळली. काय म्हणावं या माणसाला? पण राजाला बोलणार कोण, बरं का!

मग उरली शेवटची मूठ. राजा लाकूड घेऊन वाकला, आणि चुलीने पटकन तोंडच मिटून घेतलं!

"पुरे झालं रे!" चूल म्हणाली. "पोर उपाशी आणि मला अजीर्ण! आक्का, मडकं वैलावर ठेव. आणि राजा, तू बस त्या पाटावर."

वैल म्हणजे चुलीच्या शेजारचं छोटं तोंड. तिथे जाळ नसतो, नुसती धग येते. मग राजा बसला. जरा वेळाने उठायला गेला, तर चुलीने डोळ्यांत धूर सोडला. पुन्हा उठला, पुन्हा धूर. तिसऱ्यांदा बसला तो बसलाच, डोळे चोळत. मग कुठे त्याला पेज शिजताना ऐकू आली. बुडुक, बुडुक.

उन्हं कलली तेव्हा पेज झाली. राजाने स्वतः फुंकर घालून भरवली. चंद्रावळीने एक घोट घेतला, मग दुसरा. वाटी रिकामी केली आणि म्हणाली, "अजून."

राजाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आता तर धूरही नव्हता. वाटी घेऊन तो हळूहळू वैलाकडे गेला.

मग लेक बरी झाली, चुलीने तोंड उघडलं, आक्काने घाम पुसला आणि सगळे सुखात राहिले. चला, मिटा डोळे. आणि खबरदार, कोणी "अजून" म्हणालं तर!