आईसाहेबांचं हसू

केळवंडी संस्थानचे राजेसाहेब विसोबा चिताऱ्यावर भडकले. "आईसाहेबांचं चित्र विलायती साहेबानं काढलेल्या त्यांच्या चित्रासारखं काढ म्हणून बजावलं होतं ना? त्यात त्या किती करारी दिसतात! तुझ्या चित्रात तर चक्क हसतायत. उद्यापासून दरबारात येऊ नकोस!"

विसोबानं दोनदा साहेबाची नक्कल करून पाहिली होती, पण ती चित्रं त्यालाच परकी वाटली, म्हणून त्यानं पुसून टाकली होती. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, दोन्ही चित्रं खरीच आहेत. साहेब काढत होता, तेव्हा आईसाहेब साहेबाकडे बघत होत्या. मी काढत होतो, तेव्हा आपण आत आलात."

राजेसाहेब चित्राच्या अगदी जवळ गेले.

"हे माझ्या खोलीत लाव," ते हळूच म्हणाले. "आणि आता माझंही काढ, तुझ्याच पद्धतीनं. समोर आईसाहेबांना बसवू."