निम्मं सरबत तांब्यात

"तोडा हे झाड! आत्ताच्या आत्ता तोडा!"

राजा रणधवल पाटावरून ताडकन उठला आणि तोंडातला घोट त्याने थेट केळीच्या आळ्यात थुंकला. कार्तिक महिना होता. आवळीभोजनासाठी सगळा लवाजमा रावजी माळ्याच्या मळ्यात, आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून बसला होता. रावजीने मोठ्या हौसेने महाराजांपुढे ताज्या आवळ्यांचं सरबत ठेवलं आणि तिथेच माशी शिंकली. दसऱ्याला राजाने श्रीखंडावर असा काही ताव मारला होता, की राजवैद्य नारोपंतांनी त्याचं गोड पार बंद करून टाकलं. साखर नाही, गूळ नाही, मधाचं बोटसुद्धा नाही! तेव्हापासून महाराजांचं डोकं फिरलेलंच होतं. त्यात हे बिनसाखरेचं सरबत.

रावजी हात जोडून म्हणाला, "म्हाराज, ह्या एका झाडावर आमचं घर चालतंय. आवळासुपारी, मोरावळा..."

"मोरावळा?" गोडाचं नाव निघताच राजा आणखीच भडकला. "कुऱ्हाड आणा!"

कुऱ्हाडवाला पुढे झाला. तेवढ्यात रावजीची लेक सगुणा धावत आली आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"म्हाराज, झाडाचा गुन्हा काय?"

"ते आंबट आहे!"

"मग चिंचबी तोडायची? लिंबबी तोडायचं? आन् आमच्या आत्याबाईचं काय करायचं?"

कुऱ्हाडवाल्याला हसू फुटलं आणि ते त्याने कसंबसं मिशीत दडवलं. राजाने डोळे बारीक केले.

"फार चुरूचुरू बोलतेस ना? मग ऐक! याच आवळ्यांचं सरबत मला गोड करून दे. साखर, गूळ, मध, ऊस, द्राक्षं, गोड म्हणून जगात जे काही आहे त्यातलं काहीएक न घालता! पंगत उठायच्या आत जमलं तर झाड वाचेल. नाही जमलं, तर पहिला घाव तुझ्या बापाने घालायचा!"

रावजीची नजर झाडावरून हलेना. ते झाड त्याने लेकरासारखं वाढवलं होतं.

सगुणा मात्र भलतीकडेच बघत होती. हुजऱ्या महाराजांपुढे पाण्याचा तांब्या धरू लागला, तर वैद्यबुवा ओरडले, "पाणी नको! आंबटावर पाणी प्यायलं की घसा धरतो!" राजवाड्याचा तो पिढीजात शिरस्ताच होता. आवळा खाऊन वर पाणी प्यायलेला माणूस त्या वाड्यात औषधालाही सापडला नसता.

सगुणाच्या गालाला खळी पडली.

"करते, म्हाराज. पर वैद्यबुवांनी माझ्या शेजारी बसावं. मागनं कुणी म्हणाया नको, पोरीनं लबाडी केली."

तिने टपोरे आवळे काढले, पाट्यावर ठेचले आणि ओल्या फडक्यातून घट्ट रस पिळला. त्यात आल्याचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव आणि कुटलेले मिरे घातले. वैद्यबुवा प्रत्येक चिमूट हुंगत होते, चाटत होते, पुन्हा हुंगत होते.

"आता पाणीबी तुमीच शेंदा," सगुणा म्हणाली.

नारोपंतांनी जन्मात दोराला हात लावला नव्हता. धापा टाकत त्यांनी विहिरीतून एक घागर काढली आणि तांब्या भरून आणला.

राजाने रसाचा पेला तोंडाला लावला. डोळे मिटले, कान हलले, मिशा थरथरल्या!

"आंबट! मघापेक्षा आंबट! चल रे, कुऱ्हाड दे त्या माळ्याच्या हाती!"

"थांबा, म्हाराज! सरबत आजून निम्मंच झालंय!" सगुणाने तांब्या पुढे केला. "सरबतात रस असतो तसं पाणीबी असतं. समदे जण ते भांड्यात घालत्यात, मी तोंडात घालतेय!"

"महाराज, घसा!" वैद्यबुवा किंचाळले.

वैद्यबुवा नको म्हणतात एवढंच राजाला पुरेसं होतं. त्याने गटागटा तांब्या रिकामा केला आणि तो थबकला. जीभ ओठांवरून फिरली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग तो एकदम गरजला, "दगा! पाण्यात साखर आहे!"

"अशक्य! मी स्वतः शेंदलंय!" वैद्यबुवांनी घागरीतलं पाणी चाखलं. "साधं पाणी आहे. चव नाही की ढव नाही."

पंगतीत बसलेल्या प्रधानजींनीही घोट घेतला. पाणी फिकं होतं, पण महाराज गोड म्हणाले होते! "अहाहा! पेढा, महाराज, निव्वळ पेढा!"

राजा चक्रावला. "एक म्हणतो फिकं, एक म्हणतो पेढा. दोघांपैकी खोटं कोण?"

"आधी दोगांनी येकेक आवळा खावा," सगुणा म्हणाली, "मग पुन्हा प्यावं."

वैद्यबुवांनी तोंड वेडंवाकडं करत आवळा चावला आणि भीतभीतच वर घोट घेतला. त्यांचे डोळे विस्फारले. "गोड! अगदी गोड!"

प्रधानजींनीही आवळा खाऊन पाणी प्यायलं आणि त्यांचा चेहरा पडला. "महाराज, हे... हे खरंच गोड लागतंय!"

"खरंच? मग मघाशी काय लागलं होतं?" राजाने विचारलं. प्रधानजी पत्रावळीत बघू लागले.

राजा सगुणाकडे वळला. "साखर आहे तरी कुठे? आवळ्यात नाही, पाण्यात नाही. बोल!"

सगुणाने वैद्यबुवांकडे तिरकं पाहिलं.

"न्हाई सांगायची, म्हाराज! सांगितलं तर वैद्यबुवा तीबी बंद करतील!"

राजा असा खदखदून हसला, की त्याचा फेटा सुटून केळीच्या पानात पडला. "पोरी, आवळा देऊन कोहळा काढलास!" गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने तिच्या हातात दिला. आवळीसकट त्या सगळ्या मळ्याचा सारा माफ करून तो रावजीला इनाम दिला. मग पुन्हा पाटावर बसून त्याने पेल्यामागून पेला सरबत रिचवलं. पाणी मात्र दर वेळी वैद्यबुवांनाच शेंदावं लागलं.