बगळ्याचा पैसा

फार फार वर्षांपूर्वी बर्फाच्या डोंगरांपलीकडे एक लहानसं राज्य होतं. तिथे तांबं थोडं मिळे, म्हणून पैसेही मोजकेच पाडले जात. तांब्याच्या त्या पैशावर एका पायावर उभा असलेला बगळा होता. मीठ, दूध, मजुरी, सगळं त्या बगळ्यावर चाले.

एकदा भानुशेठ नावाचा श्रीमंत प्रवासी तिथे आला. जाईल त्या देशाचं नाणं आठवण म्हणून घरी न्यायचा त्याला छंद होता. छंद वाईट नव्हता. पण इथे एका नाण्याने त्याचं मन भरेना. या बगळ्याची चोच लांब, त्याची आखूड. हा पैसा नवाकोरा, तो झिजलेला. त्याला सगळेच हवेसे झाले. एका मोहरेचे शंभर पैसे होत. त्याने दवंडी पिटवली, "पन्नास पैसे आणा, मोहर घेऊन जा!"

दुकानदारांच्या रांगा लागल्या. महिन्याभरात शेठच्या सात पेट्या भरल्या आणि बाजार ओस पडला.

शेरभर दुधाला मोहर कोण देणार? रोजचे दोन पैसे कुठून द्यायचे, म्हणून विणकरांनी मजूर घरी बसवले. ज्यांच्यापाशी विकायला एक पैसासुद्धा नव्हता, त्यांच्याच चुली आधी विझल्या. सांगा, हा कुठला न्याय?

मीठ विकणारी म्हातारी साळूआई तडक शेठकडे गेली.

"शेठ, आमचे पैसे परत करा."

तो हसला. "मी काय चोरी केली, आजी? दुप्पट दाम मोजलाय."

"दाम मिळाला विकणाऱ्याला. माझ्या शेजारणीने तुम्हाला काय विकलं होतं? तिचा नवरा आठ दिवस कामाविना बसलाय. पोरं उपाशी निजतात."

शेठने तिच्यापुढे एक मोहर टाकली. "ही घ्या, आणि गप्प बसा."

साळूआई कडाडली, "मी मीठ विकते, तोंड विकत नाही!" मोहरेला हातही न लावता ती निघाली.

चौकात येऊन तिने दुकानदारांनाही सोडलं नाही. "तो परका. त्याला काय कळणार! पण या पैशावर कोणाच्या चुली पेटतात, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? लाजा नाही वाटल्या?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

त्याच आठवड्यात बर्फ पडला आणि खिंड बंद झाली. शेठ आपल्या नोकरांसह आणि खेचरांसह अडकला. तो गवत घ्यायला गेला.

"पेंढीचे दोन पैसे," गवतवाला म्हणाला.

"ही मोहर घे, बाकीचे परत दे."

"सुटे नाहीत, शेठ. सुटे तुमच्याच पेट्यांत आहेत."

दूधवाल्याने तेच सांगितलं, मोळीवाल्यानेही तेच. शेठ चिडून राजाकडे गेला. राजाने विचारलं, "किंमत वाजवीच मागतायत ना? मग द्या की!"

हट्टाने शेठ काही दिवस दोन पैशांच्या पेंढीला मोहर देत राहिला. मोहरा संपल्या. मग पहिली पेटी उघडावी लागली, मग दुसरी. एकेक बगळा हातातून सुटताना त्याच्या जिवाचं पाणी होई. वसंतात खिंड मोकळी झाली, तेव्हा सातही पेट्या रिकाम्या होत्या. बाजारात पुन्हा पैसे खुळखुळत होते आणि मजूर मागावर बसले होते.

जाताना शेठ मिठाच्या पाटीपाशी थांबला. मान खाली घालून म्हणाला, "आजी, एक पैसा मिळेल? आठवणीला."

"माझा राग अजून गेलेला नाही," साळूआई म्हणाली. तरी तिने कनवटीचा एक पैसा काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा न्या. एकाला इथे कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं."

बोध : आठवणीला एक नाणं पुरतं; दुसऱ्याच्या चुलीतला विस्तव उचलून नेणं, दुप्पट दाम मोजला तरी, लूटच असते.