तात्यांचंच वाक्य

अंगणवाडीच्या टाकीत अळ्या झाल्या आणि माझी कार्तिकी जुलाबाने आजारी पडली. म्हणून मी गावच्या ग्रुपवर लिहिलं, "लेकरांना स्वच्छ पाणी हा हक्क आहे, मेहरबानी नाही." सरपंच रंगनाथतात्यांनी लगेच सुनावलं, "ही नक्षलवाद्यांची भाषा!"

सासरे, दीर सगळे त्याच ग्रुपवर. शरमेने मी भरल्या ताटावरून उठले. सासूबाई म्हणाल्या, "बाई, माफी माग अन् मोकळी हो."

मी लिहिलं, "तात्या, माफ करा. मी सातवी शिकलेली. लिहिताना चुकायला नको म्हणून तुमच्याच प्रचाराच्या व्हिडिओतलं वाक्य उतरवलं. त्यात नक्षलवादी काय होतं, तेवढं सांगा. पुन्हा तुमचं काही उतरवणार नाही."

दुसऱ्या सकाळी तात्या उभं राहून टाकी धुवून घेत होते. त्यांची मान खाली होती. माझीही होती, पण मी टाकीत वाकून बघत होते.