दगड होता तसा

एकदा एक वृद्ध गुरू आणि त्यांचा शिष्य डोंगरातल्या देवराईत देवगांडूळ शोधीत होते. देवगांडूळ म्हणजे बेडकाच्या कुळातला, पण पाय नसलेला, ओल्या मातीत दडून राहणारा निरुपद्रवी जीव. तिथल्या झऱ्याकाठची दलदल बुजवून तेथे मंडप उभारायचे गावाने ठरविले होते. त्या दलदलीत हा जीव नांदतो, असे गुरूंचे सांगणे. सरपंचांनी निक्षून बजावले होते, की दिवेलागणीपूर्वी तो जीव डोळ्यांना दाखवा. नाहीतर उद्या भराव पडेल.

शिष्य सकाळपासून दगड उलथीत होता. गुरू मात्र मागून येऊन प्रत्येक दगड त्याच्या खळग्यात, पूर्वीच्याच कुशीवर ठेवीत. वर पालापाचोळाही पसरीत. माध्यान्ह टळली, तसा शिष्य कातावला.

"गुरुजी, आपण शोधायला आलो आहोत की फरशी बसवायला?"

गुरू हातातला दगड बसवीत राहिले. शिष्याने कपाळावर हात मारला आणि तो तणतणत एकटाच झऱ्याच्या वरच्या अंगाला गेला. तिथले दगड त्याने उलथले आणि तसेच टाकले. हाती काही लागले नाही.

ऊन कलल्यावर गुरूंनी त्याला सकाळच्या जागी बोलावले. ती जागा तर रिकामीच होती, असे पुटपुटत तो निघाला. वाटेत त्यानेच टाकलेल्या दगडांजवळची माती वाळून पांढरी पडली होती. तिच्यावर मुंग्या फिरत होत्या.

गुरूंनी सकाळी बसविलेला एक दगड उचलला. खालच्या ओलीत काळसर, तुकतुकीत देवगांडूळ वेटोळे घालून पडले होते.

शिष्य ते धरायला झेपावला. गुरूंनी त्याचे मनगट पकडले.

"नैवेद्य ठेवून तू पडदा ओढतोस ना? देव जेवतो की नाही, हे डोकावून पाहत नाहीस. ज्याची भेट हवी, त्याचे घर आधी राहण्याजोगे राखावे. तू दार उघडे टाकून पुढे गेलास, तर तो यायचा कुठे? दगड ठेव, आणि सरपंचांना घेऊन ये."

"तोवर निसटले तर?"

"त्याची मर्जी."

शिष्याने जड हाताने दगड ठेवला आणि गावाकडे धाव घेतली. सरपंच आले, तेव्हा त्याने अलगद दगड उचलला. देवगांडूळ तिथेच होते. सरपंच वाकून पाहत राहिले. मग त्यांनी नकळत पायांतल्या वहाणा काढल्या. मंडपाला दुसरी जागा पाहू, एवढेच ते म्हणाले.

कोणी सांगण्याआधीच शिष्याने दगड त्याच्या कुशीवर बसविला, वर पाला पसरला. अंधारू लागले होते, तरी तो झऱ्याच्या वरच्या अंगाला वळला. तिथले दगड अजून उलथेच होते.