राखुलीचं अंथरूण

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. सूंऽऽ सूंऽऽ. ऊन पडलं होतं, पण वारा गार. संक्रांत चार दिवसांवर आली होती. तेव्हा डोंगरावरच्या वाडीत असाच वारा सुटायचा. दार लावलं तरी फटीतून आत यायचा.

वाडीत सोनबा आजोबा राहायचे. घर लहान. घरात आजोबा एकटे. माळ्यावर एक जुना पाळणा होता. आजोबांची लेक त्यात निजायची. तानूआजी दोरी ओढायची आणि गायची. आता लेक शहरात. आजी देवाघरी. पाळण्यात नुसती धूळ.

पण एकटे कसे? राखुली होती ना!

राखुली म्हणजे चिंचिला. चिंचिला कशी असते? उंदराहून मोठी. सशाहून लहान. कान गोल गोल. शेपूट झुपकेदार. रंग राखेचा. आणि मऊ किती? सावरीच्या कापसाएवढी मऊ! ती पाण्यानं न्हायची नाही. बारीक मातीत लोळायची. लोळ लोळ लोळ. झाली अंघोळ!

राखुली लेकीची. शहरात उकाडा फार. राखुलीला उकाडा सोसत नाही. म्हणून लेकीनं तिला थंड डोंगरावर आणलं. म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांभाळा. हिच्या पोटात पिल्लू असेल कदाचित. नक्की नाही हं."

मग आजोबा दर बाजारच्या दिवशी राखुलीला तागडीत बसवायचे. एका पारड्यात राखुली. दुसऱ्या पारड्यात बटाटे. आधी पाच बटाटे लागले. मग सहा लागले. मग सात लागले.

शेजारची हौसाकाकू कुंपणावरून बघायची आणि हसायची.

"भावजी, ते बटाटे तीच खात असेल!"

"बटाटा देत नाही तिला, हौसावहिनी. वाळलं गवत खाते फक्त. पिल्लू असेल पोटात."

"पिल्लू कसलं? लाडू असेल लाडू!"

आजोबा राखुलीकडे बघायचे. राखुली आजोबांकडे बघायची. लाडू का पिल्लू? कुणाला ठाऊक?

तर त्या दिवशी आजोबांना वाटलं, राखुलीच्या अंथरुणाला ऊन दाखवावं. बाळ व्हायचं असलं, की आजी असंच करायची. सगळ्या गोधड्या अंगणात वाळत घालायची. आजोबांनी राखुलीचं गवत काढलं. सगळं काढलं. अंगणात पसरलं.

पण गोधडी जड. गवत हलकं.

वारा आला. सूंऽऽ! गवत उडालं. भुर्रर्र! एक काडी राहिली नाही.

राखुली बाहेर आली. बघते तर अंथरूण नाही!

"चिक चिक! आजोबा, माझं अंथरूण गेलं. आज पोट जड आहे. आज मला अंथरूण हवंच."

"चुकलो गं बाई," आजोबा म्हणाले. "चिंधी देऊ का? नको, चिंधी तू कुरतडशील. चिंधी पोटात गेली तर? वाळलं गवतच पाहिजे. ये, तुला उचलून घेतो."

"उचलू नका हो. पोट दाबेल."

"मग तू चाल. मी मागं येतो."

ऊन लागू नये, म्हणून आजोबांनी छत्री घेतली. काळी, मोठी छत्री. छत्री राखुलीवर. ऊन आजोबांवर.

राखुली पुढे. टुपुक टुपुक.
आजोबा मागे. ठक ठक.

वाटेत भेटली म्हैस. म्हैस बसली होती गवतावर. ढीगभर गवत! वाळलं, पिवळं, खुसखुस वाजणारं.

म्हैस म्हणाली, "राखुली, राखुली, पोटात काय? लाडू का पिल्लू?"

"ठाऊक नाही. पण अंथरूण आजच हवं.
म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ.
तू उठलीस की गवत मिळेल.
गवत मिळालं की अंथरूण होईल."

म्हैस म्हणाली, "हम्मऽऽ! मी नाही उठत. पाठीवर गोचड्या चावतात. बगळा आला तर उठेन."

राखुली पुढे. टुपुक टुपुक.
आजोबा मागे. ठक ठक.

बांधावर उभा बगळा. एक पाय वर. एक पाय खाली.

बगळा म्हणाला, "राखुली, राखुली, पोटात काय? लाडू का पिल्लू?"

"ठाऊक नाही. पण अंथरूण आजच हवं.
बगळेदादा, बगळेदादा, ये.
बगळा आला की म्हैस उठेल.
म्हैस उठली की गवत मिळेल.
गवत मिळालं की अंथरूण होईल."

बगळा म्हणाला, "अंहं! मी नाही येत. माझे पाय बघ किती वाळले. पाट वाहिला तर येईन."

राखुली पुढे. टुपुक टुपुक.
आजोबा मागे. ठक ठक.

पाट होता कोरडा. पाट म्हणजे शेतातली पाण्याची वाट. लहानपणी आजोबा तिथं पानांच्या होड्या सोडायचे. आज तिथं नुसते दगड.

पाट म्हणाला, "राखुली, राखुली, पोटात काय? लाडू का पिल्लू?"

"ठाऊक नाही. पण अंथरूण आजच हवं.
पाटदादा, पाटदादा, वाहा.
पाट वाहिला की बगळा येईल.
बगळा आला की म्हैस उठेल.
म्हैस उठली की गवत मिळेल.
गवत मिळालं की अंथरूण होईल."

पाट म्हणाला, "छे छे! मी नाही वाहत. वाहू कशानं? मोट चालली तर वाहीन."

राखुली पुढे. टुपुक टुपुक.
आजोबा मागे. ठक ठक.

विहिरीवर होती मोट. मोट म्हणजे भली मोठी बादली. दोर चाकावरून जायचा. बैल दोर ओढायचे. मोट वर यायची, भरून. आता मोट कुठं दिसते? बटण दाबलं की पाणी येतं. पण तेव्हा मोट होती. मोटेवर गाणी पण होती.

मोट म्हणाली, "राखुली, राखुली, पोटात काय? लाडू का पिल्लू?"

"ठाऊक नाही. पण अंथरूण आजच हवं.
मोटताई, मोटताई, चाल.
मोट चालली की पाट वाहील.
पाट वाहिला की बगळा येईल.
बगळा आला की म्हैस उठेल.
म्हैस उठली की गवत मिळेल.
गवत मिळालं की अंथरूण होईल."

मोट म्हणाली, "कर्रर्र! मी नाही चालत. चाक कोरडं पडलंय. घाणा फिरला, तेल आलं, तर चालेन."

राखुली पुढे. टुपुक... टुपुक.
आजोबा मागे. ठक... ठक.

दोघंही दमले. आजोबा एका दगडावर टेकले. राखुली छत्रीच्या सावलीत टेकली.

"परत जायचं का गं?" आजोबांनी विचारलं.

"अंथरूण?"

"हं. खरंच की. चल."

घाणा होता लाकडी. बैल फिरला की घाणा फिरायचा. घाणा फिरला की तेल यायचं. साऱ्या वाडीला तेलाचा वास यायचा. तो वास आला की आजोबांना भूक लागायची. अजूनही लागते.

घाणा म्हणाला, "राखुली, राखुली, पोटात काय? लाडू का पिल्लू?"

"ठाऊक नाही. पण अंथरूण आजच हवं.
घाणेदादा, घाणेदादा, फिर.
घाणा फिरला की मोट चालेल.
मोट चालली की पाट वाहील.
पाट वाहिला की बगळा येईल.
बगळा आला की म्हैस उठेल.
म्हैस उठली की गवत मिळेल.
गवत मिळालं की अंथरूण होईल."

घाणा म्हणाला, "कुईंऽऽ! मी नाही फिरत. रिकामा कशाला फिरू? तीळ मिळाले तर फिरेन."

तीळ कुणाकडे? तीळ हौसाकाकूकडे!

राखुली पुढे. टुपुक... टुपुक.
आजोबा मागे. ठक... ठक.

हौसाकाकू ओट्यावर बसली होती. पुढ्यात सूप. सुपात पांढरे शुभ्र तीळ. काकू पाखडत होती. फटक फटक.

काकू म्हणाली, "राखुली, राखुली, पोटात काय? लाडू का पिल्लू?"

"ठाऊक नाही. पण अंथरूण आजच हवं.
हौसाकाकू, हौसाकाकू, तीळ दे.
तीळ मिळाले की घाणा फिरेल.
घाणा फिरला की मोट चालेल.
मोट चालली की पाट वाहील.
पाट वाहिला की बगळा येईल.
बगळा आला की म्हैस उठेल.
म्हैस उठली की गवत मिळेल.
गवत मिळालं की अंथरूण होईल."

काकू म्हणाली, "अगं बाई! तीळ नाही द्यायची. संक्रांतीचे आहेत. आणि भावजी, हे काय? छत्री जनावरावर, आणि डोकं उन्हात? वाडी हसेल ना!"

"हसू दे," आजोबा म्हणाले. "गवत मी उडवलं. अंथरूण मीच द्यायचं."

राखुली फार दमली होती. ती काकूच्या पायाशी आली. कुशीवर निजली. पोट वर आलं. गोल गोल पोट.

आणि पोट हललं.

टुक!

काकूनं सूप खाली ठेवलं.

पुन्हा हललं. टुक टुक!

"अगं बाई," काकू हळूच म्हणाली. "लाडू कधी हलतो का?"

काकू अंगणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, माझी पोरगी व्हायची होती, आठवतं? या वाडीत मी नवी. कुणाची ओळख नाही. तुमच्या दारात आले होते, चिमूटभर तीळ मागायला. तुमच्या तानूनं मला लाकडी पाटावर बसवलं. ओंजळ भरून तीळ घातले पदरात. म्हणाली, 'दोन जिवांची आहेस. दोन जिवांचीला दारातून रिकामं पाठवायचं नसतं.'"

"अशीच होती ती," आजोबा म्हणाले.

काकू उठली. तिनं राखुलीसाठी पाट मांडला. राखुली पाटावर बसली. काकूनं हळदीकुंकवाचं बोट लावलं. राखुलीला नाही हं, पाटाला! मग ओंजळ भरून तीळ घेतले. एक ओंजळ. दोन ओंजळी. तीन ओंजळी. सगळे स्वतःच्या पदरात बांधले.

"हे ओझं तू नाही उचलायचंस. मी आणते. चल गं माझे बाई."

राखुली पुढे. टुपुक टुपुक.
आजोबा मागे. ठक ठक.
काकू त्यांच्या मागे. जोडवी छुन छुन.

तीळ मिळाले. घाणा फिरला. कुईंऽ कुईंऽ!
घाणा फिरला. तेल आलं. मोट चालली. धो धो धो!
मोट चालली. पाट वाहिला. खळ खळ खळ!
पाट वाहिला. बगळा आला. फड फड फड!
बगळा आला. गोचड्या टिपल्या. टिप टिप टिप!
म्हैस उठली. हुश्शऽऽ!
म्हैस उठली. गवत मिळालं. खुस खुस खुस!

आजोबांनी कवळाभर गवत आणलं. या वेळी अंगणात नाही पसरलं! घरात नेलं. दार लावलं. फटीला पोतं लावलं. वारा बाहेर राहिला. सूंऽऽ.

राखुलीनं गवत दातांनी ओढलं. इकडे ओढलं. तिकडे ओढलं. मध्ये खळगा केला. खळग्यात बसली. गोल गोल फिरली.

"झालं का गं अंथरूण?" आजोबांनी विचारलं.

"झालं," राखुली म्हणाली. आणि निजली.

सकाळ झाली. वारा थांबला होता. आजोबा हळूच आले. हळूच वाकले. हळूच बघितलं.

गवतात राखुली होती. आणि राखुलीच्या पोटाशी काहीतरी होतं. लिंबाएवढं. राखेच्या रंगाचं. अंगभर केस. डोळे टक्क उघडे.

आणि त्याच्या शेजारी अजून एक!

"चिक," एक म्हणालं.
"चिक," दुसरं म्हणालं.

आजोबांनी हात नाही लावला. राखुलीच्या अंघोळीच्या मातीचं घमेलं तेवढं लांब सारलं. आता थोडे दिवस लोळायचं नाही हं, राखुली! पाण्याची वाटी भरली. आणि भिंतीला टेकून खाली बसले. बसले ते बसलेच. बघतच राहिले. हसत होते, आणि डोळे पुसत होते.

हौसाकाकू आली. हातात ताटली. ताटलीत तिळाचा लाडू. लाडू आजोबांना. तिनं वाकून गवतात बघितलं. एक पिल्लू. दोन पिल्लं. काकूनं दोन्ही हात गालांना लावले.

"हौसावहिनी," आजोबा म्हणाले, "लाडू का पिल्लू?"

काकू म्हणाली, "हरले बाई मी! पण भावजी, असे बसलात काय? उठा. माळ्यावरचा पाळणा काढा, धूळ झटका. तानू नाही म्हणून काय झालं? गायला मी आहे."